फट तीन शतांशांची

४ मार्च, सोमवार

घटस्फोटात बायकांना घर मिळतं, भांडीकुंडी मिळतात. आमच्या विदाला, विदोसावाला, इंजिन मिळालं! शर्यतीच्या गाडीचा सांगाडा नवऱ्याकडे, बोराकडे, इंजिन हिच्याकडे. न्यायाधीशाने त्या दिवशी काय खाल्लं होतं देव जाणे. आज ढकलगाडीवर घालून माझ्या गॅरेजात घेऊन आली.

'कूम, हे पुन्हा उभं करायचंय. बेअरिंग मी निवडणार.'

निवडणार! तिच्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली निवडून देते तशी!

दोन वर्षांत तिने तोंड दाखवलं नव्हतं – की मी? जाऊ दे. त्यांच्या लग्नात साक्षीला मी उभा होतो, म्हणून दोघांचाही कूम. आमच्या क्रागुयेवात्समध्ये हे नातं सख्ख्या भावाहून जड. नको तेव्हा जास्तच जड.

७ मार्च, गुरुवार

वही घेऊन आली! मलमाची जाहिरात छापलेली, दुकानात फुकट वाटतात ती. मग मीही मास्तर झालो. सांगितलं – क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगवर टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर फिरतो. त्या थरापुरती फट सोडावी लागते, केसाहूनही बारीक. कडक बेअरिंग जास्त भार सोसतं, पण त्याला फट नेमकी लागते. मऊ बेअरिंग बारीकसारीक कचरा स्वतःत रुतवून घेतं, थोडं उन्नीस-बीस चालवून घेतं, पण झिजतं लवकर.

'मागच्या वेळी तू कुठलं घातलं होतंस?'

'कडक.'

'का?'

'शर्यतीचं इंजिन आहे बाई, शिवणयंत्र नाही!'

तिने लिहून घेतलं. शिवणयंत्रसुद्धा!

९ मार्च, शनिवार

कॉफीच्या टपरीवर गेलो ही चूक. या गावात प्रत्येकाने मोटारींच्या कारखान्यात काम केलंय, म्हणून प्रत्येक जण इंजिनियर. तीस वर्षं दारांना रंग मारणाऱ्याने मला बेअरिंगवर व्याख्यान दिलं. कँटीनमध्ये घेवड्याचं सूप वाढणाऱ्याने त्याच्या चुका काढल्या. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत – 'बाईने तेल आणलं, तेव्हाच इंजिन गेलं! उस्ताद, तूच म्हणाला होतास की!'

हो. म्हणालो होतो. दोन वर्षांपूर्वी डोंगरावरच्या शर्यतीत चौथ्या वळणावर इंजिन जाम झालं, गाडी कठड्यावर आदळली, बोराचा खांदा मोडला. तिथेच लोकांनी मला घेरलं – काय झालं, उस्ताद? मी म्हटलं, 'तेल.' एकच शब्द. तेल विदाने आणलं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. महिन्याभरात बोरा घर सोडून गेला – जी मला मारायला निघाली तिच्यासोबत मी राहणार नाही, असं सगळ्यांना सांगत.

मी हसलो टपरीवर. दोन प्याले प्लमची राकियाही घेतली. चव लागली नाही.

१२ मार्च, मंगळवार

इंजिन उघडलं. जुनी पाचही बेअरिंगं वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. विदाने पर्समधून भिंग काढलं. भिंग!

'तेलात घाण असती तर काय दिसलं असतं?'

'ओरखडे. रुतलेले कण.'

'मग कुठेयत?'

'धुऊन गेले असतील.'

'पाचही ठिकाणचे?'

'कॉफी उतू जातेय,' म्हणून मी उठलो. शेगडी पेटवलीच नव्हती.

कण नव्हतेच. पाचही बेअरिंगं सारखीच घासून गुळगुळीत झालेली, कडा उष्णतेने निळ्याजांभळ्या. तेलाला शिरायला जागा नसली की असं होतं. कारखान्यात पहिल्या वर्षीच शिकवतात.

वाक्य खोडणार होतो. राहू दे.

१३ मार्च, बुधवार

काम केलं नाही. मापांच्या जुन्या वह्यांच्या कपाटाचं बिजागर दुरुस्त केलं. कपाट उघडलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

उघडलं.

दोन वर्षांपूर्वीचं पान. फट हवी – सहा शतांश मिलिमीटर. मोजलेली – तीन. पुढे माझंच वळणदार अक्षर – 'चालेल.'

शाफ्ट पुन्हा घासायला पाठवला असता तर दोन दिवस गेले असते. रविवारी शर्यत. बोरा डोक्यावर उभा – 'उस्ताद, होतंय ना?' उस्तादाला नाही म्हणवलं नाही. एवढंच. आणि मोठा शहाणा मी – तिच्या वहीची टिंगल करत होतो!

पान उघडायची तरी काय गरज होती? त्यात काय लिहिलंय ते मला दोन वर्षं रोज माहीत होतं.

सकाळी मऊ बेअरिंगं मागवली. शाफ्ट घासायला दिला. फट सहा.

१६ मार्च, शनिवार

आधी बोराकडे गेलो. विदाकडे जायची छाती नव्हती, खरं ते लिहावं. खानावळीत बसला होता, पुढ्यात भाजलेल्या खिम्याची चेवापी आणि कांदा. म्हटलं, 'तुझा खांदा मी मोडला. तेल चांगलं होतं.'

तो घास चावत राहिला. मग हसला!

'अरे, मला माहितेय. तेल मी तेव्हाच तपासून घेतलं होतं. उत्तम होतं.'

'मग?'

'मग काय? तेव्हा दुसरी बाई होतीच माझी. घर सोडायला कारण हवं होतं, ते तू आयतं हातात दिलंस. आता उगाच उकरू नकोस. आपण कूम आहोत ना!'

माझ्यासाठीही चेवापी मागवली त्याने. मी उठून आलो. रस्ताभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

१७ मार्च, रविवार

विदाला सगळं सांगितलं. वही दाखवली. तीन, सहा, 'चालेल'. बोराचंही सांगितलं. मग घाईघाईने – मऊ बेअरिंगं मागवलीत, या वेळी माप तुझ्यासमोर घेईन.

'बेअरिंगचं राहू दे,' ती म्हणाली. 'तेलाच्या तपासणीचा कागद मला त्याच्या कोटात तेव्हाच सापडला होता. इंजिन मला नकोच होतं, कूम. तू आपणहून सांगतोस का, एवढंच बघायचं होतं.'

दारापर्यंत गेली. मागे वळली.

'दोन वर्षं, आणि वर तेरा दिवस लावलेस.'