मासवडीचं फडकं

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमचा राग आला. मासवडी एकटीनं होत नाही, हे तुम्ही आम्हा दोघी जावांना शिकवलंत. पण बोलणंच बंद झाल्यावर ती कशी करायची, हे काही सांगितलं नाहीत.

बेल्ह्याचे पाहुणे दुपारी माझ्या पोरीला बघायला येणार होते. मुलगा तिच्या मनातला. पण सकाळी ती म्हणाली, "काकू न्हाई आली तर मी भाईर येणार न्हाई." आणि आतून कडी लावली. तिची काकू, तुमची धाकटी सून, अंगणापलीकडंच राहते. तिनंच पोरीला कडेवर वाढवलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तुमचे दोघे लेक भांडले, ते केव्हाच बैलबाजारात खांद्यावर हात टाकून फिरायला लागले. आम्ही दोघी मात्र अजून तोंड फिरवून पाणी भरतो. मी का बोलवायचं, म्हणून रागारागानं एकटीच मासवडीला लागले.

तुम्ही आम्हाला पहिल्यांदा मासवडी शिकवलीत तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. तुम्ही तुमचं मऊ झालेलं लुगडं टराटरा फाडता, एक फडकं मला देता, एक तिला. मी चुलीवर बेसन हाटते, ती ओल्या हातानं ते फडक्यावर थापते. मीही हात घालते, तर तुम्ही माझं मनगट धरता. "तुजा हात जड हाय. तू हाट, तिला थापू दे." तिच्यासमोर बोललात, ते मला फार लागलं होतं.

खरंच होतं म्हणा. आज पहिली मासवडी मोडली. बेसन जाड थापलं गेलं, खोबऱ्या-तिळाचं सारण पसरेपर्यंत गार झालं आणि गुंडाळताना मधोमध तडकलं. डब्यात एकाच खेपेचं पीठ उरलं होतं. पाहुण्यांनी आळेफाटा ओलांडल्याचा फोन आला. पोर कडी काढेना. दुसरं बेसन शिजून कढई सोडायला लागलं तशी मी त्यावर झाकण टाकलं, दारात गेले आणि तुम्ही द्यायचात तशी हाक दिली, "पीठ शिजलंय गं."

समोरचं दार बंदच. मी चुलीपाशी परतले. मग ती आली, पदर खोचत, माझ्याकडं न बघता.

"फडकं कुठंय?"

"फाटलं," मी म्हणाले.

ती तशीच मागं पळाली आणि तिचं घेऊन आली. फडकं आधीच भिजवून घट्ट पिळलेलं होतं. तिनं झरझर थापलं, मी सारण पसरलं, तिनं गुंडाळून चिमटीनं वर कणा काढला. "सारान लई भरलंस. पयल्यासारखंच," ती म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही. आतल्या खोलीची कडी वाजली. पाहुण्यांसमोर पोरीला तिनंच हाताला धरून नेलं.

हे पत्र कुठं धाडणार? पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक सांगायचं राहिलं. माझं फडकं फाटलं नव्हतं. ती उंबऱ्यात आली तेव्हा मी ते ह्याच डब्यामागं कोंबलं. तुमचं लुगडं तिनं अजून जपलंय का, तेवढंच मला बघायचं होतं.