सगळ्या गेल्यावर उठायचीस तू

माय, तुझ्याशी भांडायचं म्हणून लिहायला बसलेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसलं भांडण, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. काल आपल्या विहारात वर्षावासाचा समारोप झाला. तीन महिने चाललेल्या ग्रंथवाचनातला शेवटचा अध्याय वाचायचा मान यंदा मला दिला होता. तिथं जे झालं, ते तू जिवंतपणी माझ्याशी दोन शब्द बोलली असतीस तर झालं नसतं. निदान मी आधीच दवाखाना गाठला असता, वेळेवर शहाणी झाले असते. म्हणून राग आलाय, आणि तो दुसऱ्या कुणावर काढण्यासारखा नाही.

तुला लघवी थांबत नव्हती. घे, लिहिलं. आपल्या घरात हे वाक्य आजवर कुणी तोंडातून काढलेलं नाही. मिरच्या भाजताना तुला ठसका लागायचा आणि तू तवा तसाच सोडून आधी मांड्या आवळून खाली बसायचीस. ठसका ओसरला तरी उठायची नाहीस. मग हळूच मोरीत जायचीस आणि तिथून ओरडायचीस, मिरची बघ गं, करपंल. मोरीतल्या दोरीवर जुन्या लुगड्याचे तुकडे वाळत असायचे आणि त्यांच्यावर कायम टॉवेल. मी तिसरीत होते, तेव्हा शेजारणीसमोर विचारलं, "माय, तुझं लुगडं मागून ओलं कामून हाये?" तू म्हणालीस, "भांडे घासत व्हते." शेजारीण गेल्यावर दंडाला असा चिमटा काढलास की चार दिवस निळं होतं. "असलं चारचौघीत बोलतेत का? परत बोललीस तर जीभच हासडीन." नाही बोलले मग. तुझी लेक एवढी गुणाची, की पन्नाशी उलटली तरी बोलली नाही.

तू बांधकामावर घमेली वाहायचीस. पुंडलिकनगरातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबचा माल तुझ्या डोक्यावरून वर गेलाय, आणि त्यातल्याच एका गल्लीत मी आता राहते. धाकट्याच्या वेळी बाळंतपणाचं पोट अजून उतरलं नव्हतं तोच तू कामावर गेलीस. तुझं अंग बाहेर यायला लागलं ते तेव्हापासून, हे आता जुळवून बघते तेव्हा कळतं. कामावर बायांना आडोसा नव्हता, म्हणून तू पाणीच प्यायची नाहीस. मे महिन्यात, आपल्या इथल्या उन्हात. मग आग व्हायची, थंडी वाजून ताप यायचा. दवाखान्यात सांगितलं, भरपूर पाणी प्या. घरी येऊन तू माझ्या देखत तांब्या भरून घेतलास, दोन घोट प्यालीस आणि बाकीचं कोथिंबिरीच्या डब्यात ओतलंस. "तिलाबी लागतंय की," म्हणालीस. तेव्हा मी हसले होते. तुझा डाव मला कळला नव्हता.

आणि विहार. पौर्णिमेला तू पांढरी साडी नेसायचीस, आत गडद परकर, आणि काखेत ते बसकर. तू हातानं शिवलेलं, लहान गोधडीसारखं, आत पाचोडहून आणलेल्या खताच्या पिशवीचं अस्तर. बसलीस की चरचर वाजायचं आणि वंदना चालू असताना पोरं वळून बघायची. लोकांना वाटायचं, बाईला फरशीचा गारवा सोसत नाही. बसायचीस एकदम मागं, दाराजवळ. कार्यक्रम संपला की बाया म्हणायच्या, चला की. तू म्हणायचीस, "व्हा तुम्ही पुढं, मी सतरंज्या घडी करून येते." तुझी केवढी सेवा, असं सगळे म्हणत. सतरंजी आधी तळहातानं चाचपून बघायचीस, आणि कधी कधी एखादी घरी धुवायला आणायचीस. मला तुझ्या त्या सेवेचा अभिमान होता, माय. शाळेत निबंधात लिहिलं होतं मी.

तुला एकदा वाचायला बोलावलं होतं, आठवतं? मी तेव्हा डी.एड.ला होते. तुला अक्षरं मीच शिकवलेली. बोट ओळीखाली धरून, जोडाक्षराला थांबत थांबत, पण वाचायचीस. कमिटीतले एक म्हातारे सगळ्यांसमोर म्हणाले, आज बाई वाचतील. माझ्या अंगावर काटा आला आनंदानं. तू जागची हलली नाहीस. "चष्मा नाय आणला," म्हणालीस. चष्म्याची दांडी तुझ्या पिशवीतून मला दिसत होती. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही, आणि तूही बोलली नाहीस. पुढं जाऊन बसायचं म्हणजे पुढून उठायचंही, सगळ्यांच्या देखत. हे तुला तेव्हाच कळलं होतं. मला काल कळलं.

मला सुरू झालं त्याला आता दोन-तीन वर्षं झाली. शाळा शेंद्र्याकडं, रोज स्कूटीवर जाणं-येणं. गतिरोधक आला की थेंब, शिंक आली की थेंब, पोरांना कवायत शिकवताना उडी मारली की झालंच. आधी पाळीचे पॅड वापरले, ते लगेच भिजायचे, मांड्यांना पुरळ आलं. मग मोठ्या माणसांचे पॅड आणले. मेडिकलवाला ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून देतो, चोरीचा माल असल्यासारखे. स्कूटीच्या डिकीत एक परकर नेहमी असतो. पाणी मीही कमी केलं होतं, तुझीच लेक. शेवटी आग व्हायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, इतके दिवस का थांबलात? मी काय सांगणार, माय? मायनं जीभ हासडीन म्हटलं होतं, हे सांगू?

त्यांनी सांगितलं, पाणी तोडू नका, चहा तोडा. लागायची वाट बघू नका, घड्याळ बघून जाऊन या. आणि खालचं अंग आत आवळून धरायचं, सोडायचं, परत धरायचं, रोज, कंटाळा न करता. मी ते वर्गात करते. पोरं पाढे म्हणत असतात आणि मी खुर्चीवर बसून आवळते-सोडते, चेहरा कडक ठेवून, त्यामुळं पोरांना वाटतं बाई चिडल्या आणि पाढा न चुकता म्हणतात. फरक पडला. पुष्कळ पडला. हे व्यायाम तुझ्या काळी तुला कुणी सांगितले असते, तर तू पुढं बसली असतीस, असं सारखं मनात येतं.

तर काल. मी सगळं ठरवून गेले होते. सकाळपासून चहा नाही, निघताना जाऊन आले, नवा पॅड, गडद परकर, वरून पांढरी कडक इस्त्रीची साडी. दुपारी तीनला कार्यक्रम, सव्वातीनला माझं वाचन, अर्ध्या तासात मोकळी. पण प्रमुख पाहुणेच मुळी दीड तास उशिरा आले. आले ते आले, वर तासभर बोलले. विहार गच्च भरलेलं, बाया डावीकडं सतरंजीवर, माणसं उजवीकडं खुर्च्यांवर, आणि बाथरूमचं दार माणसांच्या ओळीला लागून. मी पुढं, मंचाच्या कडेला बसलेली. पाहुणे दर पाच मिनिटांनी म्हणायचे, शेवटचा मुद्दा सांगून थांबतो. आता उठावं का, नको, आता माझंच नाव पुकारतील. मी आवळून बसले होते. त्या माणसाचा मला इतका राग आला, की त्यानं करुणेवर काय सांगितलं त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

मग मला बोलावलं. मंचावरच्या गादीवर मांडी घातली, समोर बुटकं टेबल, ग्रंथ, माईक. शेजारी अगरबत्तीचा पुडाच्या पुडा लावलेला. पहिलं पान नीट गेलं. आवाज चांगला लागला होता, मलाच ऐकू येत होतं. दुसऱ्या पानावर धूर घशात गेला. मी खोकला गिळला, परत आला, परत गिळला. तिसऱ्यांदा नाही गिळता आला. खोकले आणि खाली ऊन ऊन लागलं. वाचत राहिले. ओळ डोळ्यांना दिसत होती, तोंड वाचत होतं, आणि मी मात्र पॅड किती धरंल, साडीला लागलं का, गादीला लागलं का, एवढाच हिशेब करत होते. उरलेली पानं चाचपली. जाड लागली. आणि आतून परत कळ आली.

मी थांबले. कमिटीचे अध्यक्ष पुढं वाकले, चांगला माणूस आहे, म्हणाले, "मॅडम, बरं वाटत नाय का? पाणी देऊ?"

"पाणी नको, भाऊ," मी म्हणाले. "मला लघवीला जायचंय. लघवी थांबत नाही मला. जाऊन येते, मग पुढचं वाचते."

माईक चालू होता. बाहेर भोंगा लावलेला. गल्लीत भेळवाल्यालासुद्धा कळलं असेल. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि मधेच थांबलं. मी टेबलाला धरून बसले. बोलून झालं होतं, आता उठायचं राहिलं होतं. तेवढ्यात बायांच्या पहिल्या ओळीतून तुझी मैत्रीण उठली. पाचोडवाली मावशी, जी आयुष्यभर तुझ्या शेजारी बसली. आता ऐंशीच्या घरात आहे, कमरेत वाकलीय. मंचावर चढली, माझ्या पाठीमागं आली आणि म्हणाली, "ऊठ. चल पुढं. मी हाये मागं, वळून बघू नको."

मी उठले. माणसांच्या ओळीसमोरून चालत गेले. माणसं खाली बघत होती. मागं पावलं वाजत होती, मावशीच्या अनवाणी पायांची फरफर, आणि तिच्यामागं आणखी. बाथरूमच्या दारात वळले तर पांढऱ्या साड्यांची रांग. माझी पाठ कुणालाच दिसली नसणार. एक कॉलेजातली पोरगी होती, एक बँकेतल्या मॅडम. त्यातल्या काही मला झाकायला आल्या होत्या आणि काहींना खरंच जायचं होतं, कारण मी बाहेर आल्यावर दार लगेच आतून लागलं.

परत आले तर गादीवर बसकर टाकलेलं. जुनं, विटकं, कडेला आडवे दुहेरी टाके. टाके मी ओळखले, माय. माझ्या शाळेच्या पिशवीला तसेच होते. मी त्यावर बसले आणि ते चरचरलं, माईकमधून, भोंग्यातून, अख्ख्या गल्लीत. उरलेली सगळी पानं वाचली. आवाज एकदाच फुटला.

सगळे खीर घेत होते तेव्हा मावशीला विचारलं, हे तुमच्याकडं कसं. ती म्हणाली, "तुझ्या मायनंच शिवून दिल्तं. आम्ही दोघी सारख्याच व्हतो नं. कार्यक्रमात मधीच ती उठली की तिच्या मागून मी चालायचे, मी उठले की माझ्या मागून ती. तुला ठावं नव्हतं व्हय?"

नव्हतं. माझ्या बाळंतपणात तू मलाही असंच एक दिलं होतंस. "ठेव. पुढं लागंल." एवढंच म्हणालीस. मी ते वॉशिंग मशीनखाली घातलं, हादरे बसू नयेत म्हणून. मावशीशी बोललीस, मावशीला शिवून दिलंस, तिच्या मागून चाललीस. माझ्याशी काय वैर होतं? मला तिचा हेवा वाटला, सरळ सांगते. आज मशीन सरकवून माझं बसकर काढलं, धुतलं, गॅलरीत वाळत टाकलंय. वर टॉवेल टाकला नाही. सकाळपासून बाया फोन करताहेत, मॅडम, लई हिंमत केली. मी ऐकून घेते. हिंमत कसली, बोलायच्या आधीच मी भिजले होते. मावशीनं ते ओळखलं होतं म्हणून ती उठली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा शेवटचंही लिहून टाकते. सकाळी तुझ्या नातीचा फोन आला होता, पुण्याहून. तिचं बाळ चार महिन्यांचं झालंय, ती कामावर रुजू झालीय. विचारलं, आई, वाचन कसं झालं? मी म्हटलं, छान झालं. मग मी पाहुण्यांच्या भाषणाची नक्कल केली आणि ती हसायला लागली, खूप हसली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली. म्हणाली, थांब आई, आलेच. बऱ्याच वेळानं परत आली. मी विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, काही नाही. मला कळलं होतं, माय. मी म्हटलं, बरं, आणि बाळ झोपलं का ते विचारलं.