सोयाबीनला चार उन्हं

राजारामपुरी, कोल्हापूर
२८ सप्टेंबर

चि. तेजस्वीस,
अनुजाआत्तीचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर बोलायची सोय नाही, कारण तुझे वडील फोन आधी स्पीकरवर टाकतात आणि मग कानाला लावतात. तू तिकडं शिमल्यात शिंकलीस तरी इकडं गल्लीत काढे उकळतात.

विषय सोयाबीनचा आहे, म्हणजे तुझ्या नोकरीचा. गावाकडं शेंगा वाळून वाजायला लागल्यात आणि आभाळ गणपतीपासून तोंड फुगवून बसलंय. कापलं की चार उन्हं लागतात. भिजलं तर शेंगेतच मोड, आणि न कापावं तर शेंगा तडकून दाणे रानात. परवा दादा, म्हणजे तुझे आबा, जेवायला आला होता. पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी संपवून म्हणाला, पोरगी हवामान खात्यात आणि बापानं आभाळाचं शेजारच्या गुंडूला विचारायचं, ही काय तऱ्हा झाली. एकदा तिनं आपल्या रानापुरतं बरोबर सांगावं. चुकली तर नोकरी सोडून घरी. कागल एमआयडीसीतल्या त्या इंजिनियरची मंडळी लग्नासाठी थांबलेलीच आहेत. मी म्हटलं, ठरलं, चुकली तर मी स्वतः जाऊन घेऊन येते, बरोबर निघाली तर नोकरीचं नाव काढायचं नाही. माझी जीभ तुला माहीत आहे, ती माझ्या आधी उंबरा ओलांडते.

गेल्या वर्षी गावातल्या सम्राटच्या वास्तुशांतीला तू 'तुरळक सरी' म्हणाली होतीस आणि मांडव शेजारच्या उसात सापडला, हे गाव विसरलेलं नाही. तेव्हा कापणीची तारीख आबांना फोनवर सांग, कारण मला पत्रात लिही. तारखेवर लग्नं होतात, भांडायला कारण लागतं.

अंगात गरम घालत जा आणि आत्तीवर माया असू दे.

तुझी,
अनुजाआत्ती


शिमला
४ ऑक्टोबर

ती. अनुजाआत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन स्वेटर घालून वाचलं. परवाच थंड हवेची एक आघाडी इथून गेली. वरच्या शिखरांवर बर्फ पडला, खाली माझं नाक वाहतंय. दुसरी सहा-सात तारखेला येईल. आघाडी म्हटल्यावर तू कुणाची म्हणून विचारशील, पण ही नुसती हवेची आहे, म्हणून वेळेवर येते.

ती कोल्हापूरपर्यंत पोचत नाही. पण ती गेली की तिच्या मागून उत्तरेचं कोरडं वारं खाली सरकतं आणि तुमच्या डोक्यावरची ओल समुद्राकडं ढकलतं. बिऱ्हाड हलताना आदळआपट होतेच, तसा जाता जाता एखादा शिडकावा होईल. नऊला कापणी धरावी. दहापासून आठवडाभर आभाळ मोकळं.

आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, जेवलीस का. जेवले म्हटल्यावर म्हणाले, मग ठेव. यावरून काय समजायचं? आमच्या साहेबांनीही अंदाज तपासला, ठीक म्हणाले. पण तो चुकला तर साहेबांना कोण कागलला नेणार आहे.

आत्ती, मला हे काम आवडतं. रोज सकाळी ढगांच्या चित्रात आधी आपलं गाव कुठं असेल ते शोधते, मग बाकीचा देश बघते. शिडकाव्याला भिऊन आबांनी विळे खाली ठेवू नयेत, तेवढं सांभाळ. आशीर्वाद राहू द्यावेत.

तुझी,
तेजस्वी


राजारामपुरी, कोल्हापूर
१५ ऑक्टोबर

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ., आणि आज जरा जास्तच.

नऊला पहिल्या एसटीनं गावी गेले. हरायचंच असेल तर समोर बसून हरावं. आभाळ म्हशीच्या पाठीसारखं. सगळ्या गावानं कापणी लांबवलेली, एकटा तुझा बाप बायका लावून कापत होता. बांधावर सभा भरली होती. गुंडू दादाला म्हणाला, जोतीराम, मुंग्या अंडी घेऊन घराकडं निघाल्यात, तू कुठं निघालायस. मळणी मशीनवाले रुद्रय्याआप्पा म्हणाले, मशीन लावून देऊ की होडी. दादाचा विळा थांबला नाही.

दुपारी भाकरी सोडली आणि शिडकावा आला. सभा आनंदानं भिजली. बायकांनी विळे ठेवले. दादा माझ्याकडं वळून म्हणाला, तुझी शिमल्याची बॅग भरलीस का. मी म्हटलं, बिऱ्हाड हलतंय, आदळआपट होणारच. आवाज मोठा ठेवला, कारण खात्री नव्हती. मग दादा स्वतः विळा उचलून पुढच्या ओळीत बसला. बायकाही मागोमाग बसल्या.

चहाच्या वेळेला वारं फिरलं. ऊस दक्षिणेकडं झुकला आणि ढगांच्या खालून उन्हाची पट्टी निघाली. दुसऱ्या सकाळी आभाळ धुतल्या ताटासारखं. गारठ्यानं अंगावर काटा आला, वहिनीनं पेटीतून शाल काढली. चार उन्हं लागली, पाचवं वर जास्तीचं. बाकी कुणाचं कापलेलंच नव्हतं, त्यामुळं दरवर्षी मशीनच्या पाळीत शेवटी असणारा तुझा बाप यंदा पहिला. आप्पा मशीन घेऊन स्वतः आले, होडी न आणता. दादानं एक दाणा दातांखाली फोडला, कट्ट वाजला. दुसरा गुंडूला दिला. गुंडूनं तो बराच वेळ चावला आणि म्हणाला, मुंग्यांचं काय खरं न्हाय.

गावाचंही काही बिघडलं नाही. तेही आता त्याच उन्हात कापतायत, फक्त दादाच्या मागं. तुझा नंबर मी कुणाला दिलेला नाही. दादानं सगळ्यांना दिलाय.

लोभ वाढला तर आवरू नकोस.

तुझी,
विजयी आत्ती


गावाहून
१७ ऑक्टोबर

चि. तेजूस,
आबाचा आशीर्वाद.

आत्तीनं सगळं लिवलंय म्हणं, म्हंजे निम्मं वाढवून लिवलं आसंल. शिडकावा आला तवा म्या भ्यालोवतो, खोटं कशाला बोलू. पर तू आधीच सांगितलंवतंस. सांगून आलेल्या पावण्याला काय भ्यायचं.

काल कागलची मंडळी आल्ती. पोरगी कवा येणार, म्हणाली. मी म्हटलं, सुट्टी न्हाय. पोराच्या चुलत्यानं इचारलं, नोकरी सोडंल न्हवं. मी तोंड उघडायच्या आत शेजारचा गुंडूच म्हणाला, सोडंल कशी, आमचा शाळू जोंधळा तिला इचारून पेरायचा हाय. मंग मी पोराला म्हटलं, बघायचंच आसंल तर तू जा की शिमल्याला. स्वेटर घालून जा, म्हणालो.

आला तर नीट बघून घे. पसंत पडला तर कळीव, न्हाय पडला तर चा पाजून लावून दे. नोकरी सोड म्हणणारा म्या हुतो, आता न्हाय.

आईचं ध्यान तुझ्या जेवणावर, माझं उत्तरंच्या वाऱ्याकडं. जीव लावतीस तसाच लाव.

तुझा,
आबा