ट्रान्सफॉर्मरसाठी राखलेला कोपरा

मी, उत्तरेश्वर दत्तोबा वाघोले, राहणार विश्रांतवाडी, पुणे, वीज मंडळाच्या नियोजन शाखेतला निवृत्त अभियंता, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि आत्ता वीज आहे तोवर लिहून ठेवतो.

१. घर, बँकेतली ठेव आणि माझी पत्नी कै. मुक्ताईचे दागिने मुलगा दिग्विजय व मुलगी अपेक्षा यांना समसमान. भांडायचंच असेल तर माझ्या हयातीत भांडून घ्यावं.

२. रस्त्याकडच्या मोकळ्या कोपऱ्यावर मात्र दोघांचाही हक्क नाही. गल्लीतल्या एकुलत्या ट्रान्सफॉर्मरला भार झेपत नाही. दुसरा बसवण्यासाठी हा कोपरा वीज मंडळास द्यावा. दिग्विजयला तिथे दुकान काढायचं आहे. "बाबा, ती डेड स्पेस आहे," म्हणतो. अरे, असलेली घरं कोणीही मोजेल! नियोजन म्हणजे नसलेली घरं मोजणं: तिथे कोण राहायला येईल, पंख्यानंतर फ्रिज, फ्रिजनंतर एसी कधी घेईल. आणि जागा आधी धरायची, यंत्र मागाहून येतं. तुझी आई या कोपऱ्याला माझी सवत म्हणायची. स्वयंपाकघर वाढवू दिलं नाही म्हणून अबोला धरायची, आणि कुरडया तिथेच वाळवायची. तिची फार आठवण येते.

३. १९९१ साली आमच्या गल्लीमागच्या माळावर मी विजेचा पुढचा भार नकाशावर दाखवला, सबस्टेशनला जागा मागितली. आमचे साहेब ज्ञानदेव सबनीस नकाशा परत सरकवून म्हणाले, "वाघोले, तिथे बाभळी आहेत. बाभळींना पंखे लागतात का?" सगळी शाखा हसली. तो राग मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेतो. आज त्याच माळावर संगणकवाल्यांच्या राहत्या इमारती आहेत आणि साहेबही तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहतात. मे महिन्यात व्होल्टेज पडलं की सबनीसवहिनींचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडतं, आणि फोन मलाच येतो. नव्या ट्रान्सफॉर्मरवरून पहिली जोडणी त्यांच्या इमारतीला मिळावी, ही माझी इच्छा.

४. जो कोपरा विकू पाहील, त्याचा घरातला वाटा दुसऱ्या भावंडास जाईल. अंमलबजावणी शेजारी नासिर शेख यांनी करावी. ते माझं कधी ऐकत नाहीत, पण दिग्विजयचंही ऐकणार नाहीत.

पुणे, १४ मे २००४
(सही) उ. द. वाघोले

साक्षीदार:
१. डॉ. प्रियदर्शनी गोडसे. प्रकृती तपासली. शुद्धीत आहेत, चिडकेही आहेत.
२. ज्ञानदेव सबनीस. कलम तीन वाचूनच सही केली. वाघोले, नकाशा बरोबर होता. कोपऱ्यासाठी मंडळाकडे उद्या आपण दोघं जाऊ. तुमच्या मरणापर्यंत कशाला थांबायचं?