मुठीसमोर थरथरलेला आकडा

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी तुम्ही कुणाला बोलू दिलंत? आता ऐका.

कापसाचे ते वाईट हंगाम होते. तुम्ही नोकरीतून निवृत्त झालात तरी कापसातून सरकी काढणारे जिनिंगवाले तुम्हाला कापूस पारखायला बोलवत, ते तुमच्या मुठीसाठी. कापसाने भरलेल्या बैलबंडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस मुठीत दाबून सोडायचा, तो कसा फुलतो ते बघायचं आणि म्हणायचं, "ओला." की लगेच भाव कापला; त्यावर दाद नाही, फिर्याद नाही. घरीही तीच रीत. आईची भाजी, माझे मार्क, मला आलेली स्थळं, सगळं तुम्ही एकेका शब्दात निकालात काढलंत. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते, तरी तुमच्या लेखी मी 'कॉन्व्हेंटवाली'च. जणू त्या कॉन्व्हेंटात मला शेजाऱ्यांनी घातलं होतं.

म्हणून मी ओलावा मोजायचं मीटर बनवलं. दोन पत्र्यांमध्ये कापूस भरायचा. आत एक ऑसिलेटर, म्हणजे एकसारखे ठोके देत राहणारं सर्किट. कापूस जितका ओला तितके ठोके संथ. ते मोजले की ओलावा कळतो. कॉलेजच्या संगणकावर मी ते सर्किट आधी चालवून पाहिलं. पडद्यावर ठोके असे शिस्तीत, जशा सिस्टरच्या शिट्टीवर चालणाऱ्या आमच्या शाळेतल्या रांगा. मी खूश.

जिनिंगच्या यार्डात मारेगावकडची एक बाई बंडी घेऊन येते. तुम्ही हात घालता आणि म्हणता, "ओला हाय." ती म्हणते, "आठ दिस अंगनात वाळवला जी. म्या सोता उलथापालथा केला." मी पुढे होऊन मीटर लावते. आकडा साडेसात टक्के. मग साडेआठ. मग आठ, पुन्हा साडेसात. आठाच्या वर गेला की ओला, आणि तो काही थांबायला तयार नाही. मी वहीत आकडे उतरवत सुटते, दुसरं काही सुचत नाही म्हणून. तुम्ही सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं हसता. "काहून वं, तुह्या मशीनले हिवताप आला का? थरथरून राह्यली नं!" हमालही हसतात. ती बाई तेवढी हसत नाही. माझ्याकडे बघून विचारते, "मॅडम, तुमची मशीन काय म्हनते?"

संगणक खोटं बोलला नव्हता. साध्या सिम्युलेशनमध्ये सर्किटचा प्रत्येक भाग अगदी शांत धरलेला असतो. खऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये मात्र सतत बारीक खळबळ चालू असते, आणि तिच्यामुळे एखादा ठोका जरा लवकर पडतो, एखादा जरा उशिरा. याला फेज नॉइज म्हणतात. ठोक्याची उंची चुकली तर सर्किट सावरून घेतं. वेळ चुकली तर सावरणारं कुणी नाही; पुढचा ठोका त्या चुकलेल्या जागेपासूनच चालू लागतो, जणू काही झालंच नाही. हे पुस्तकात वाचताना मला तुम्ही आठवलात. ती खळबळ मुद्दाम घालून सर्किट पुन्हा पुन्हा चालवावं लागतं. तेव्हाच्या संगणकाला त्यासाठी आठवडा लागला. उत्तर अगदी साधं निघालं: सेकंदभर मोजू नका, मिनिटभर मोजा, थरथर बरीच निवते. मग मी त्या दिवशीची वही काढली आणि सगळ्या आकड्यांची सरासरी घेतली. आठाच्या खाली आली. कापूस कोरडा होता, बाबा.

मी धावत तुम्हाला सांगायला आले. तुम्ही जेवत होता. "मूठ चुकत नाई," म्हणालात आणि आईला कढी वाढायला सांगितलीत. वहीकडे बघितलंसुद्धा नाही. थरथर तुमच्या मुठीतही होती. कुणाच्या नसते? माझ्या मशीननं ती चारचौघांत दाखवली. तुम्ही ती जन्मभर दाबून धरलीत आणि लोकांनी तिला अनुभव म्हटलं.

हा कागद मीटरच्या खोक्यात जाईल. तुमच्या फोटोमागे ठेवण्याइतकी माया मला अजून आलेली नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. खळबळ घालून सर्किट तपासायला हवं, हे मला आधीच माहीत होतं. आठवडा थांबले नाही, कारण हंगाम सुरू झाला होता आणि मला तुम्हाला हरवायचं होतं. त्या बाईनं विचारलं तेव्हा 'थांबा, मला अजून कळलेलं नाही' एवढं म्हणता आलं असतं. सिस्टरनी आम्हाला तेच तर शिकवलं होतं. पण तुमच्यासमोर माझं मीटर कच्चं ठरलं असतं; तुमच्या मुठीशी जुळलं तर ते निदान बरोबर दिसणार होतं. मी झाकण लावलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "ओला."