ऍसेटिक हे आडनाव

मॅडम, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी औषधाच्या दुकानात बाटली हातात आली की मी तिच्यावरचं नाव तीनदा वाचतो. दुकानदार वैतागतो. बायको म्हणते, तुमचा जीवच भित्रा. असेल.

दुष्काळाच्या त्या वर्षी आपल्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत बोअरचं खारं पाणी यायचं आणि काचेच्या नळ्यांवर पांढरा थर धरायचा. तो मी सिरक्याच्या, म्हणजे ऍसेटिक, ऍसिडनं पुसायचो. इंग्रजी वाचता येतं असं सांगून मी कामाला लागलो होतो; खरं म्हणजे सातवीतून शाळा सुटलेली, बाटल्या मी अक्षरांच्या आकारावरून ओळखायचो. त्या दिवशी नेहमीची बाटली संपली होती. कपाटातल्या दुसरीवर नावाच्या शेवटी तेच ‘ऍसेटिक’ दिसलं. फडक्यावर ओतून घेतलं. बोटं झणझणली, कातडी पांढरी पडायला लागली. तुम्ही धावत आलात आणि तुमचा पिण्याच्या पाण्याचा माठ माझ्या हातावर रिता केलात. टँकर दोन दिवस यायचा नव्हता.

“मामा, काय घेतलंत?”

“ऍसेटिकच हाय की, मॅडम. कमजोर ऍसिड, सिरक्याचं.”

“ते आडनाव झालं. आधीचं ट्रायक्लोरो कुणी वाचायचं? नुसत्या आडनावावरून माणूस ओळखता व्हय तुमी?”

मी मान खाली घातली. तुम्ही रुजू झालात तेव्हा शिपायाला मी आधी तुमचं आडनावच विचारलं होतं.

कमजोर म्हणजे पाणी घातलेलं, असं मला वाटायचं. पट्टी बांधता बांधता तुम्ही म्हणालात, “पाण्याचा संबंध न्हाई मामा, घडण बघा. एका गोधडीत सगळे निजलेत, कडेला हायड्रोजन. सिरक्यात शेजारी गरीब, कुणी ओढत न्हाई, म्हणून हायड्रोजन सहसा जागा सोडत न्हाई. ते कमजोर ऍसिड. आता शेजारी क्लोरीन आणून निजवा. ते गोधडी आपल्याकडं ओढतं, कडेचा उघडा पडतो आन् उठून जातो. तो जितका सहज सुटेल, तितकं ऍसिड जोरदार. हितं तर तीन क्लोरीन हायेत, तीन!” गोधडी म्हणजे इलेक्ट्रॉन, हेही तुम्ही सांगितलंत.

“म्हंजे क्लोरीन लई हावरं हाय,” मी म्हणालो. तेवढ्या दुखण्यात आपण दोघंही हसलो. इतकं शिकलेलं माणूस, पण मला कळेपर्यंत तुम्ही पट्टीची गाठ मारली नाहीत.

मग व्यवस्थापक आले. बाहेर माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला निघाली होती. नोकरी गेली तर मीही त्याच गाडीत, आणि हात हा असा. मी बोलून गेलो, “लेबल पुसट झालंय, सायब.” तुम्ही बाटलीकडं पाहिलंत, माझ्याकडं पाहिलंत, आणि लेबल मुठीत झाकून म्हणालात, “लेबलं माझ्याकडं असतात. चूक माझी.” सगळ्यांदेखत बोलणी खाल्लीत. दुसऱ्या दिवसापासून रोज एक बाटली पुढ्यात ठेवून मला नाव वाचायला लावलंत, पहिल्या अक्षरापासून. का ते कधी बोलला नाहीत.

हे पत्र कुठं टाकायचं, मला ठाऊक नाही. लेबल नवं, ठळक अक्षरांचं होतं हे तुम्ही पाहिलंच होतं. पण त्या संध्याकाळी तुम्ही घरी गेल्यावर साहेबांनी मला एकट्याला बोलावून लेबलाचं पुन्हा विचारलं होतं, दार लावून, शांतपणे. तेव्हाही मी म्हणालो, “पुसटच व्हतं.”