चंद्रीचा गृहप्रवेश

परभणी, ५ फेब्रुवारी

चि. सोमेश्वर यास महालिंगदादाचे आशीर्वाद, विशेष.

वाऱ्यानं गावचा टॉवर आडवा झाल्यापासून तुझा फोन लागत नाही. हे पत्र बोरीच्या एस.टी.च्या वाहकाहाती देतो आहे. परत गारपीट सांगितली आहे. गोठ्याचे निम्मे पत्रे उडाल्याचं वाहकच म्हणाला, त्यात चंद्री आज-उद्या विणार. पहिलारू म्हैस, उघड्यावर गारठून जाईल; घरात घे. आपद्धर्मात म्हशीला मनाई असल्याचं माझ्या वाचनात नाही. आईला सांग, दादा हे संस्कृतातून सांगतोय. माझं मराठी ती ऐकत नाही.

लोभ आहेच, गारांपासून जपावा.

महालिंग

बोरी, ८ फेब्रुवारी

ती. दादास सोमेश्वरचे शिवशरणार्थ.

परवा दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या. चंद्रीला घेऊन दाराशी आलो, तर आई आडवी आली. पहिल्यांदा घरात येणार, भाकरतुकडा ओवाळल्याबिगर उंबरठा ओलांडायचा न्हाई म्हणली. मी म्हणलं, टाळकं फुटायलंय. तर म्हणली, तुझी बायको आली तवा बी पाऊसच होता, थांबली की ती.

शिळी भाकर आईला चालंना. सवितानं चूल पेटवून ताजी थापली. तवर मी अन् चंद्री एका परातीखाली. म्हैस थरथरायली, मी बी.

आईनं ओवाळलं अन् रीतीप्रमाणं तुकडा बाहेर फेकला. चंद्री तुकड्यामागं वापस गारांत.

तीनदा असंच झालं. चौथ्यांदा तिचे पाय लटपटले, तवा आई जन्मात पहिल्यांदा रीत मोडून म्हणली, "जळू दे ती रीत, पोर मरंल," अन् तुकडा आत फेकला. तो पडला तुमच्या खोलीत. तिथंच ती व्याली, वगार झाली. तुमच्या सत्काराच्या सातही शाली दोघींवर घातल्या. दोघी खुशाल हायत.

आता आई म्हणते, बाळंतीण सव्वा महिना हलवायची न्हाई. तुमी शिवरात्रीला येणार. झोपायची सोय गोठ्यात केली हाय. पत्रे नवे टाकलेत.

लहान भावावरची माया पातळ होऊ देऊ नका.

सोमेश्वर

परभणी, ११ फेब्रुवारी

ती. आईस महालिंगचा शि. सा. नमस्कार.

शालींचं वाईट वाटून घेऊ नकोस. सत्काराला उत्तर म्हणून भाषण न करणाऱ्या त्या दोघीच निघाल्या.

शिवरात्रीला येतो. गोठ्यात खुशाल निजेन. विनंती एकच: मीही तिथं पहिल्यांदाच राहायला येणार, तेव्हा मलाही भाकरतुकडा ओवाळ. तुकडा मात्र आत फेक.

तुझा हात डोक्यावर असावा. परात सोमेश्वरला राहू दे.

महालिंग